न पाहिलेल्या गावाची चतुःसीमा

स्टेशनवर उतरल्याबरोबर आई डावीकडे वळली. मी मागे तिची पिशवी आणि दोघांच्या छत्र्या सांभाळत होतो. "आई, थांब जरा, रस्ता बघू दे," असं म्हणेपर्यंत ती दहा पावलं पुढे गेलेली होती.

"डावीकडंच आहे," ती मागे न बघता म्हणाली. "उजवीकडं सायकलींची शेड आणि पुढं भिंत. तिकडं जाऊन काय करायचंय?"

मी उजवीकडे पाहिलं. सायकलींची शेड होती. पुढे भिंत होती.

आईनं या गावात याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाबा गेल्याला अडीच वर्षं झाली होती आणि ती तीन महिन्यांसाठी जर्मनीत हॅनोव्हरला आमच्याकडे आली होती. मेधानं, माझ्या बायकोनं, तिच्यासाठी बघण्यासारख्या ठिकाणांची यादी करून फ्रिजवर लावली होती. आईनं ती चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाली, "हे सगळं बघू सावकाश. आधी मला ते गाव दाखवा." म्हणून आम्ही दोघंच रेगेन्सबर्गपर्यंत मोठ्या गाडीनं आलो, आणि तिथून डोनाऊ नदीच्या काठाकाठानं जाणाऱ्या दोन डब्यांच्या गाडीनं इथे.

या गावात आम्ही पाच वर्षं राहिलो. मी, मेधा आणि तेव्हा नुकतीच चालायला लागलेली इरा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी होतो. गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्यात ओठांचा चंबू करून ई म्हणायचं असं एक अक्षर आहे. ते बाबांना कधी जमलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. बाबा त्याला 'तुझं गाव' म्हणायचे. पुढे पुढे 'आपलं गाव' म्हणू लागले.

ऑक्टोबर होता. स्टेशनसमोरच्या चेस्टनटच्या झाडांखाली तपकिरी, पॉलिश केल्यासारख्या बिया पडलेल्या होत्या. हवेत तो वास होता. गावात बिअर बनवणारी एक छोटी ब्रुअरी आहे, आणि तिथे ज्या दिवशी माल शिजतो त्या दिवशी सगळं गाव सातूचं पीठ भाजायला घेतल्यासारखं दरवळतं. पहिल्या हिवाळ्यात या वासानं मला रडू आलं होतं. का ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"हा वास फोटोत नव्हता," आई थांबून म्हणाली.

*

बाबा सांगलीला सिटी सर्व्हेच्या कचेरीत मोजणीला होते. सगळी हयात त्यांनी लोकांच्या घरांच्या, परड्यांच्या, बोळांच्या हद्दी मोजण्यात घालवली. साखळी, टेप, लाल-पांढऱ्या काठ्या आणि कानामागे पेन्सिल. निवृत्त झाल्यावर काठ्या कचेरीत राहिल्या, पण सवय घरी आली. कुणीही कुठल्याही जागेचं नाव काढलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "चतुःसीमा सांग." खरेदीखतात लिहितात ना, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस ओढा, उत्तरेस सरकारी पड, ती चतुःसीमा. माझ्या लग्नाच्या वेळी ते मेधाचं घर बघून आले. आईनं दारातच विचारलं, "कशी आहे मुलगी?" बाबा चपला काढता काढता म्हणाले, "दक्षिणेस विहीर आहे." ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक समारंभात सांगितली जायची, आणि बाबा प्रत्येक वेळी तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "पण होतीच विहीर."

इथे आल्यावर पहिल्या बर्फात मी गावच्या राठहाउसचा, म्हणजे नगरपालिकेच्या जुन्या इमारतीचा, एक फोटो काढून त्यांना पाठवला. भिंतीवर रंगवलेली चित्रं, वर घड्याळ, छपरावर हातभर बर्फ. बाबांनी तो कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतून छापून आणला आणि मग फोन केला.

"फोटो आला. झकास आहे. पण तू उभा कुठं होतास?"

"म्हणजे? समोर."

"समोर म्हणजे कुठल्या दिशेला? सावली डावीकडं पडलीय. वाजले किती होते?"

"बाबा, नुसता फोटो आहे हो."

"अरे, इमारत कळली. जागा कुठं कळली?"

मग नियम ठरला. एका ठिकाणाचे पाच फोटो. एक त्या वास्तूचा, आणि मग तिच्याकडे पाठ करून जागच्या जागी वळत चार दिशांचे चार. शिवाय या ठिकाणापासून मागच्या रविवारच्या ठिकाणापर्यंत किती पावलं, तेही लिहायचं. माझं पाऊल केवढं, ते त्यांनी माझ्याकडून खोलीत दहा पावलं चालवून, टेपनं मोजवून घेतलं. फोनवर. मेधा दारात उभी राहून हसत होती.

असे माझे रविवार सुरू झाले. सकाळी सातला निघायचं. जर्मन गावातला रविवार म्हणजे सगळ्या आवाजांना सुट्टी. दुकानं बंद, गाड्या उभ्या, कुणी काचेची बाटलीसुद्धा डब्यात टाकणार नाही. फक्त चर्चच्या घंटा, आणि त्या थांबल्यावर कबुतरांच्या पंखांचा फडफडाट. बेकरी तेवढी दोन तास उघडी. तिच्या दारातून गरम पावाचा वास रस्त्यावर तिरपा पडलेला असायचा, उन्हाच्या पट्ट्यासारखा. हिवाळ्यात फावड्यानं बर्फ खरवडल्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडून यायचा. जूनमध्ये लिंडनच्या झाडांना फुलं यायची, आणि त्या गोडसर, थोड्या औषधी वासात मधमाश्यांची अशी घरघर असायची की झाडच घोरतंय असं वाटावं. मे महिन्यात चौकात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच खांब, माईबाउम, उभा करत. त्याचा फोटो पाहून बाबा म्हणाले, "ही आमच्या काठीची थोरली बहीण."

मी बुरूज काढले, वेस काढली, कारंजं काढलं, मासळीबाजाराची जागा काढली, जिथे आता मासळी मिळत नाही. कांद्यासारख्या घुमटाचं चर्च काढलं. गल्ल्या काढल्या. त्या गल्ल्यांची नावं मी देवनागरीत लिहून पाठवायचो आणि बाबा त्यांना आपली नावं द्यायचे: पाववाल्याचा बोळ, घड्याळाचा चौक, वाकडी आळी.

नदीकाठच्या एका घराच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. पाणी कधी कुठवर चढलं, त्याच्या आडव्या रेघा आणि पुढे सालं. त्या भिंतीचे फोटो गेले तेव्हा बाबांनी दिवसभरात तीनदा फोन केला. आम्ही कृष्णाकाठचे. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळचा पहिला प्रश्न 'चहा झाला का' असा नसतो, 'आयर्विन पुलाला पाणी किती' असा असतो. "ही खरी माणसं," बाबा म्हणाले. "नदीचं येणं-जाणं भिंतीवर लिहून ठेवतात. यांच्याशी आपलं जमेल."

मी हसलो होतो. 'आपलं' हा शब्द मी तेव्हा ऐकला, पण कानाआड केला.

*

फ्राऊ लिंडनर मला अशाच एका रविवारी भेटल्या. भेटल्या म्हणजे ओरडल्या. वाकड्या आळीत पहिल्या मजल्याच्या खिडकीत उशी ठेवून, त्यावर कोपर टेकून त्या बसलेल्या असत. मी कॅमेरा वर केला आणि वरून आवाज आला. इथे लोकांना आपल्या घराचा फोटो काढलेला खपत नाही. नकाशावाल्या मोटारी आल्या तेव्हा कित्येकांनी आपली घरं पुसट करून घेतली होती. मला हे ठाऊक होतं. मी कॅमेरा खाली घेतला.

माझं जर्मन ऑफिसपुरतं. यंत्रांबद्दल मी बोलू शकायचो, माणसांबद्दल नाही. मी मान वर करून म्हणालो, "माझा वडील. भारतात. तो मोजतो." मोडकंतोडकं, असंच.

"काय मोजतो?"

"तुमचा रस्ता."

त्यांनी उशीवरून कोपर उचलले. मग म्हणाल्या, "आल्झो, असं आहे तर. मग आत्ता नका काढू. मे महिन्यात या, जिरॅनियम फुलल्यावर. आणि 'ती' रस्ता, 'तो' नाही." जर्मनमध्ये रस्ता स्त्रीलिंगी, मी लिंग चुकवलं होतं.

मे महिन्यात मी गेलो. खिडकी लालभडक होती आणि बाईंनी केस विंचरून, गळ्यात मोती घातले होते. तो फोटो बाबांना फार आवडला. त्यानंतर वाकडी आळी त्यांच्यासाठी 'खिडकीतल्या बाईंची आळी' झाली. एखाद्या फोटोत खिडकी बंद दिसली की लगेच, "बऱ्या आहेत ना त्या?" मग एकदा बाबांनीच आमच्या सांगलीच्या घराचे पाच फोटो काढून पाठवले, खास त्यांच्यासाठी. पूर्वेस गटार आणि रस्ता, पश्चिमेस शेवगा, दक्षिणेस कुलकर्ण्यांचं न्हाणीघर, उत्तरेस आई, हातात झाडू, 'काढू नका हो' असं म्हणत असलेली. मी ते छापून नेऊन दिले. फ्राऊ लिंडनरनी त्यांतला आईचा फोटो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या काचेत अडकवला.

आणि दर रविवारी वरून विचारू लागल्या, "मग? बाबा कधी येणार?"

मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी."

*

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, मेधालाही नाही.

जर्मनमध्ये 'हो'ला म्हणतात 'या'. नुसतं हो नव्हे. ऐकतोय, कळलं, बरं, चालू द्या, सगळ्याला 'या, या'. दोन वर्षांत हा शब्द जिभेला उचकीसारखा लागतो. आणि 'अगदी बरोबर'ला म्हणतात 'गेनाऊ'. आम्ही सगळी मराठी मंडळी एकमेकांशी बोलतानाही 'या, गेनाऊ' करत बसायचो आणि त्यावर हसायचो.

एका दुपारी मी शॉपफ्लोअरवर होतो. एका हातात चाचणीचा तक्ता, समोर सहकारी काहीतरी विचारत उभा, बाजूला सुटे भाग दाबून काढणारं प्रेस यंत्र चालू. बाबांचा फोन आला. एरवी मी कामात उचलत नसे. त्या दिवशी उचलला, कानाला लावला आणि सहकाऱ्याचं ऐकत राहिलो. बाबा बोलत होते. नकाशात चर्चची मागची बाजू जुळत नाही, पावलं चुकली असणार, असं काहीतरी. आणि मग त्यांनी विचारलं, हे मला नंतर कळलं, की "मग काय, आम्हीच येऊ का एकदा? समक्ष बघून घेतो."

मी सहकाऱ्याला म्हणालो, "या, या, गेनाऊ!"

 मग "बरं," असं बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आमच्याकडे बाबांना आम्ही अहो-जाहो करतो. त्यानंतरच्या रविवारी त्यांचा आवाज वेगळाच होता. "तुझ्या आईला विश्वास बसेना. म्हटलं, मी स्वतः ऐकलंय. 'या, या' म्हणाला, दोनदा म्हणाला. आणि वर म्हणाला, 'घेऊन जाऊ'."

प्रेसच्या धडधडीत 'गेनाऊ'चं 'घेऊन जाऊ' झालं होतं.

मी तेव्हाच हसून सांगायला हवं होतं. बाबा, अहो ते तुम्हाला नव्हतं. त्यांनाही हसू आलं असतं, विहिरीच्या गोष्टीसारखी ती गोष्ट घरात फिरली असती. आणि मग म्हणायला हवं होतं, पण आता खरंच या. ही दोन वाक्यं होती. मी म्हणालो, "हो बाबा, बघू या. यंदा जरा प्रोजेक्टचं आहे."

बाबांनी पासपोर्ट काढला. आई-बाबा दोघांचे. फोटोत ते दोघंही पकडून आणल्यासारखे दिसतात. बाबांनी लोकरीची कानटोपी घेतली, जी सांगलीत घातली तर माणूस घेरी येऊन पडेल. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. फ्राऊ लिंडनरसाठी भडंगाचा एक डबा वेगळा करून ठेवला. तो मऊ पडला की आई तो गल्लीतल्या मुलांना वाटून टाकायची आणि नवा भरायची.

आई-वडिलांना बोलवायचं तर इथल्या कचेरीत जाऊन एक हमीपत्र करून घ्यावं लागतं. त्याला एक आगगाडीएवढा लांब जर्मन शब्द आहे. मी त्यासाठी कधी वेळच घेतली नाही. विचारलं की सांगायचो, घर लहान आहे, इरा आजारी होती, उन्हाळ्यात करू, थंडी संपू दे. आणि प्रत्येक कारणाबरोबर जास्तीचे फोटो पाठवायचो. एका रविवारी दोन ठिकाणं, तीन ठिकाणं. मेधा एकदा भाजी चिरताना, मान वर न करता म्हणाली, "तू त्यांना अख्खं गाव पाठवशील. बोलावणं तेवढं पाठवणार नाहीस."

का नाही पाठवलं? घर लहान नव्हतं. मला बाबांचा कंटाळाही नव्हता. मी पुष्कळदा शोधलं, आणि सापडतं ते असं: त्या फोटोंमध्ये मी कुठेच नाही. फोटो काढणारा माणूस दिसत नाही. बाबांना वाटायचं, आपला मुलगा या गावात ताठ मानेनं फिरतो, दगडी कमानींखालून जातो, बायकांशी खिडकीतून गप्पा मारतो. बेकरीत पाव मागताना माझी जीभ अडखळते, मागची रांग सुस्कारा सोडते, मीटिंगमध्ये सगळे हसल्यावर मी अर्ध्या सेकंदानं हसतो, हे पाच फोटोंत कुठल्याच दिशेला येत नव्हतं. सांगलीत मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाली आणलेला मुलगा. ते आले असते तर त्यांनी मला बोलताना पाहिलं असतं.

बाबांची छाती दुखली ती एका मार्चमध्ये. आम्ही तोवर हॅनोव्हरला गेलो होतो. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत त्यांच्या टेबलाकडे मी पाहिलंच नाही. निघायच्या दिवशी आईनं नकाशा उलगडून दाखवला. आलेख कागदाचे बारा तुकडे डिंकानं जोडलेले, सगळं टोकदार पेन्सिलीनं. गल्ल्या, वेस, नदी, पुराची भिंत. घराघरावर बारीक अक्षरात फोटोंचे क्रमांक. ती म्हणाली, "कागद सरकू नये म्हणून हे टोक मी धरायचे, रोज संध्याकाळी." मी तो घडी करून परत दिला. सोबत न्यायची हिंमत झाली नाही.

*

पाववाल्याच्या बोळातून आम्ही चौकात आलो. आई हात मागे बांधून, एखाद्या तपासणी अधिकाऱ्यासारखी चालत होती. "हे घड्याळ. म्हणजे कारंजं त्या अंगाला. हां. हे काय, रंग बदलला की रे!" राठहाउसची भिंत नव्यानं रंगवली होती. मासळीबाजारात आता आइसक्रीमचं दुकान होतं, ऑक्टोबरमुळे बंद. चर्चच्या मागे गेल्यावर ती थांबली, मान वाकडी करून बघत राहिली. "इथं यांचं जुळत नव्हतं," ती म्हणाली. "बघ, इथं पायऱ्या आहेत. उतारावर पावलं लहान पडतात, तू ते लिहिलंच नाहीस."

वाकड्या आळीत खिडकी बंद होती. उशी नव्हती, कुंड्या नव्हत्या. खाली दाराच्या घंटेपाशी दुसरंच नाव होतं. आईनं पर्स उघडली आणि भडंगाची पुडी काढली. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधलेली. मला माहीतही नव्हतं की तिनं ती आणलीय. ती पुडी हातात धरून ती जरा वेळ वर बघत राहिली, आणि मग शांतपणे परत पर्समध्ये ठेवली.

"वय झालं असेल त्यांचं," ती म्हणाली. "चल."

पुराच्या भिंतीसमोर नदीकाठी बाक आहे. तिथे बसलो. डोनाऊ दुधाळ, करडी, घाई नसलेली. पलीकडच्या काठावर कुणीतरी वाळकी पानं जाळत होतं, त्याचा धूर पाण्यावर आडवा पसरला होता. आणि मी एकदम बोलायला लागलो. सगळं सांगितलं. या, गेनाऊ, प्रेसचा आवाज, हमीपत्र. "आई, मी त्यांना बोलावलंच नव्हतं. तो शब्द त्यांना नव्हताच. आणि नंतरही बोलावलं नाही. तुझ्या वेळी तोच कागद वीस मिनिटांत झाला. वीस मिनिटं, आई."

आई नदीकडे बघत होती.

"त्यांना माहीत होतं ते," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ते 'या' तिकडचं आहे म्हणून. दोन दिवस खरं वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलू. पेढे आणले होते. मग तुझा फोन आला, मी बोलत होते, आणि तू मलाही आपला 'या, या, या'. मला तू जन्मात कधी 'या' म्हणालायस का रे? मला 'ये' म्हणतोस. फोन ठेवला आणि यांना म्हटलं, अहो, ती त्याची तिथली भाषा आहे, तुम्हाला नव्हतं ते. हे आपले पेन्सिलीला टोक करत बसले."

"मग पासपोर्ट?"

"दुसऱ्या दिवशीच गेले फॉर्म भरायला. म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, चुकून का होईना, तोंडातनं निघालंय. उद्या मनापासून म्हणाला तर आपली तयारी नको?"

 आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं, लहानपणी ताप उतरला की थोपटायची तसं. ते रागाचं नव्हतं. माफीचं होतं असंही मी म्हणणार नाही. तसं काही ती बोलली नाही. चर्चच्या घंटा व्हायला लागल्या. त्या संपेपर्यंत आम्ही बसून होतो.

मग ती जरा चुळबुळली. "ऐक. मला जरा जाऊन यायचंय. इथं कुठं सोय आहे?"

मी उभा राहिलो. या गावाच्या प्रत्येक गल्लीचे चार-चार दिशांनी फोटो काढलेला मी, मला ते माहीत नव्हतं.

काठावरून एक म्हातारा कुत्र्याला फिरवत येत होता. मी त्याच्याकडे गेलो आणि विचारलं. तो काहीतरी म्हणाला. खास इकडची बोली, सगळे शब्द एकमेकांत विरघळलेले. "माफ करा?" मी म्हणालो. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मला 'पूल' एवढंच कळलं. "पुलाच्या वर? की खाली?" मी विचारलं, आणि घाईत पुलाचं लिंगही चुकवलं. माझे कान तापले. मागे आई उभी होती, दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून, एक एक अक्षर ऐकत असल्यासारखी. म्हातारा हसला, कुत्र्याची दोरी दुसऱ्या हातात घेतली आणि बोटानं दाखवलं: खाली, डावीकडे, हिरवं दार. मी त्याचे आभार मानले. तेही दोनदा, कारण पहिल्यांदा उच्चार चुकला.

परत आलो. "चल, तिकडे आहे."

आई चालायला लागली. थोडं पुढे गेल्यावर तिनं माझा दंड धरला.

"अगंबाई, केवढं फाडफाड बोलतोस रे तू त्यांचं!" ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "तो माणूससुद्धा बघतच राहिला."

हिरव्या दाराशी तिनं पर्स माझ्या हातात दिली आणि आत गेली. मी बाहेर उभा राहिलो. बाबांनाही जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं.